चार वाजताचा उपटसुंभ

६ ऑगस्ट
साधे

प्रिय पिटुकले,

तिशीला टेकलीस तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. वर कोपऱ्यात नेहमीसारखं 'साधे' लिहिलंय ते बघून हसूही नकोस. तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढली. कॉलच्या चिठ्ठीवर आधी कोपऱ्यात 'साधा' की 'तातडीचा' ते लिहायचं, मग नंबर. तातडीचा आधी जोडायचा, साधा लागेल तेव्हा लागेल. निवृत्त झाले म्हणून हाताचं वळण थोडंच जातंय! शिवाय पाकिटावरही तीच खूण केली की तुलाही सोय. उघडायची घाई आहे की नाही ते बाहेरूनच कळेल.

तू पाठवलेला टॅब मिळाला. त्यात तू घालून दिलेला गावाचा खेळही सुरू झाला. फोन मी घरात घेणार नाही हे तुला माहीत आहे. इतकी वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडली, त्यात डावा कान गेला, आता कुठे घंटा वाजली तरी अंगावर काटा येतो. हा खेळ मुका आहे, बोलायचं ते टाइप करून, म्हणून आवडला. बारा घरांचं गाव. एका टोकाला मला जमीन मिळाली. तिला मी लाकडी कुंपण घातलं, फाटक केलं, फाटकाला कडी लावली. चार मेंढ्या पाळल्या आहेत. बाकीच्या अकरा घरांत कोण राहतं, जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसून खेळतं, काही पत्ता नाही. रस्त्यात कोणी दिसलं की मी थांबते. ते थांबत नाहीत. खेळातसुद्धा कसली एवढी घाई ते तूच सांग.

फाटक करताना तुझी आठवण झाली. सुट्टीत एक्स्चेंजच्या क्वार्टरवर यायचीस तेव्हा कडी काढायचा तुला भारी कंटाळा. फाटकाच्या गजांवरून चढून आत उडी मारायचीस आणि दर वेळी फ्रॉक वर अडकायचा. "आत्ये, सोडव!" म्हणून गल्ली डोक्यावर घ्यायचीस. तीन फ्रॉक मी गुपचूप शिवून दिलेत, तुझ्या आईला अजून माहीत नाही.

बाकी नवं काही नाही. जिन्यातला दिवा गेलाय, त्यामुळे मी उजेडातच वर येते. खालचे भाडेकरू गेल्या महिन्यात सोडून गेले. त्यांची भांडणं वरपर्यंत ऐकू यायची आणि माझ्या डोक्याला ताप व्हायचा. आता तोही आवाज नाही. तुझ्या नव्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे? कामावर कोणी मैत्रीण मिळाली का? मागच्या दोन पत्रांचं उत्तर आलं नाही, कामात असशील. सवडीने लिही.

तुझी,
आत्या


२७ ऑगस्ट
तातडीचे

पिटुकले,

पत्र थोडक्यात लिहिते. गावात एक उपटसुंभ उपटलाय. नावाच्या जागी नुसते आकडे आहेत, म्हणून मी त्याचं हे बारसं केलं. रोज दुपारी चारच्या सुमाराला येतो, माझ्या कुंपणाच्या फळ्या काढतो आणि मेंढ्या बाहेर हाकलतो. मी त्या गोळा करत फिरते आणि हा विहिरीपाशी उड्या मारत बघत बसतो! गेले आठ दिवस त्याने माझ्या नाकी नऊ आणलेत.

तू त्याच खेळाच्या तक्रार विभागात आहेस. अशा माणसाचं तुम्ही काय करता?

आत्या


२९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार केला असं समज, दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरली आहे.

तुझं पत्र आज मिळालं, आज लगेच उत्तर देते आहे. आमच्याकडे नियमच आहे, कुठल्याही तक्रारीला दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. आत्याला तर त्याआधी जायला हवं!

अशी माणसं आमच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. कोणी दुसऱ्याच्या घराला आग लावतो, कोणी भर वाटेत भिंत बांधून ठेवतो, कोणी आपल्याच संघाची नाव बुडवतो आणि वर शिव्या देतो. दिवसाला दोनशे तक्रारी वाचते मी. काहींना ताकीद, काहींना आठवडाभर बंदी, काहींना कायमची. सुरुवातीला वाटायचं, का करत असतील असं? आता वाटेनासं झालंय. वाटत बसले तर दोनशे होत नाहीत.

तुझ्या उपटसुंभाला इतर घरांच्या तक्रारींवरून आधीच दोन ताकिदी मिळाल्या आहेत, मी पाहिलं. तिसरी तक्रार पक्की असली की तो गेला. पक्की म्हणजे तारीख, वेळ, काय केलं, सगळं लिहिलेलं. तुझ्याइतकं हे कोणाला जमेल? पंधरा दिवस नोंद ठेव. तक्रारीचा फॉर्म खालच्या भाडेकरूंना सांग, ते तरुण आहेत, भरून देतील. आणि फाटकाला कडी लावत जा. कडी लावली की फाटकातून कोणी आत येऊ शकत नाही.

मी मजेत आहे. इथे बरीच मंडळी ओळखीची झाली आहेत. तुझी आधीची पत्रंही पोहोचली, त्यांना सावकाशीने लिहिते.

तुझी,
पिटुकली


१२ सप्टेंबर
तातडीचे

पिटुकले,

एवढ्या लवकर उत्तर! पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी दारातच फोडलं. जिन्यात उजेड नव्हता, म्हणून पुन्हा खाली जाऊन रस्त्यावर उभी राहून वाचलं. समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "काय बाई, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "भाचीचं पत्र आलंय, तातडीचं."

खालचे भाडेकरू सोडून गेले, मी लिहिलं होतं. असो. फॉर्म तूच भर, मला त्यातलं काही कळत नाही.

नोंदवही सोबत आहे. पाच पानं झाली, त्यातली थोडी इथे उतरवते, बाकीची पाकिटात बघ.

१ सप्टेंबर, ४.०५. उपटसुंभ फाटकातून शिरला. डावीकडच्या तीन फळ्या काढल्या. मेंढ्या चार बाहेर. तीन मी परत आणल्या, चौथी त्याने अडवून धरली. ४.४० ला सोडली. कडी उघडी.

३ सप्टेंबर, ४.०२. तीन फळ्या, डावीकडच्याच. मेंढ्यांच्या मागे मी, माझ्या मागे तो. गावाला दोन फेऱ्या. ४.५० ला गेला. कडी उघडी.

६ सप्टेंबर. मला ताप. खेळात गेले नाही.

७ सप्टेंबर, सकाळी ९.१०. मेंढ्या चारही आत. फळ्या जागेवर. फाटक बाहेरून कडी लावून बंद. कोणी केलं ते कळलं नाही.

९ सप्टेंबर, ४.००. विहिरीपाशी दहा मिनिटं नुसता उभा. मग तीन फळ्या. कडी उघडी.

एक्स्चेंजला असताना अशीच वही होती. विनाकारण फोन करून लाइन अडवणाऱ्यांची. नवीन लागले तेव्हा एका माणसाची मी सतरा दिवसांची नोंद केली होती, मिनिटासकट. साहेबांनी ती वही सगळ्यांना दाखवली आणि त्या माणसाची लाइन कापली. पूर्ण हॉलमध्ये माझं कौतुक झालं होतं.

तर बघ काय ते. आणि लिही.

आत्या


१५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फत्ते!

तुझी वही आमच्या साहेबांना दाखवली. नातेवाइकांच्या तक्रारीवर आम्ही स्वतः निर्णय घ्यायचा नसतो, म्हणून त्यांनीच घेतला. म्हणाले, अशी नोंद नोकरीत पाहिली नाही, नवीन लोकांना दाखवायला एक प्रत ठेवून घेतो. तुझ्या उपटसुंभाला आज दुपारी कायमचं काढून टाकलं. गाशा गुंडाळायलासुद्धा वेळ दिला नाही.

नियम म्हणून सांगते. तक्रार करणाऱ्याने तीस दिवसांच्या आत माघार घेतली तर बंदी उठू शकते. नाही घेतली, तर त्याचं खातं, घर, सामान, सगळं कायमचं पुसलं जातं. फॉर्म मी भरलाय, त्यामुळे तसं काही असलं तर मलाच कळवायचं. पण तू कशाला माघार घेतेस! आता सुखाने मेंढ्या राख.

घाईत आहे, आज अजून ऐंशी बाकी आहेत.

पिटुकली


२२ सप्टेंबर
साधे

प्रिय पिटुकले,

गच्चीतल्या कुंड्या बाहेरच्या बाजूला हलवल्या. एकटीने हलवल्या म्हणून दोन दिवस कंबर बोलत होती. चष्म्याचा नंबर वाढलाय. इस्त्रीवाल्याची मुलगी परीक्षेत पास झाली. जिन्यातल्या दिव्यासाठी घरमालकाला चिठ्ठी पाठवली, अजून काही हालचाल नाही.

आता मुद्द्याचं. तू एवढी धडपड केलीस आणि मी असं म्हणते आहे, तुला राग येईल. पण त्या उपटसुंभाला परत घेता येईल का? माझी माघार आहे असं समज, किंवा कुठे सही करायची तर कागद पाठव.

पहिल्या दिवशी चार वाजले, मी सवयीने फाटकाची कडी काढली आणि मग आठवलं. कुंपण जागच्या जागी, मेंढ्या जागच्या जागी. त्या चरतात आणि मी बघते. अर्ध्या तासाने मी टॅब बंद केला आणि मग संध्याकाळपर्यंत काय करावं ते सुचेना. आता तुझ्यापासून काय लपवू, कडी मीच काढून ठेवायची. रोज, चारला पाच कमी असताना. तू कडी लावायला सांगितलीस तरीही. पहिल्या आठवड्यात खरंच अंगाचा तिळपापड व्हायचा. नंतर मी साडेतीनलाच चहा उरकून बसायला लागले. बारा घरांच्या गावात माझ्या दारात येणारा तो एकटाच होता.

हे पत्र तातडीचं करावं का यावर बराच वेळ पेन हातात धरून बसले. पण तातडीचा म्हणजे आग, आजारपण, मरण, नाहीतर तक्रार. स्वतःच्या हौसेपायी 'तातडीचा लावा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी जन्मभर नावं ठेवली. तेव्हा साधेच. तीस दिवस आहेत, तेवढ्यात वाचशीलच.

तुझी,
आत्या


८ ऑक्टोबर
साधे

प्रिय पिटुकले,

मागचं पत्र पोहोचलं असेल. माघारीचं काय झालं ते कळलं नाही. परवा त्याच्या घरापर्यंत जाऊन आले. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं, मला माहीतच नव्हतं. एवढ्या लांबून यायचा! एकच खोली, तीही अर्धवट बांधलेली. दाराशी फळ्या रचून ठेवल्या होत्या. माझ्या नव्हेत, माझ्या मी परत लावल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या. बहुतेक कुंपण घालणार होता.

मी बरी आहे. तू जेवतेस ना वेळेवर?

आत्या


१७ ऑक्टोबर
तातडीचे

आत्या,

कोपऱ्यात ते लिहायचा मला हक्क आहे की नाही, मला माहीत नाही. तरी लिहिलं.

आज सकाळी तक्रार क्रमांक एकशे बारा उघडली. एका गावात कोणीतरी तीन दिवस दुपारी चार वाजता शेजाऱ्यांची कुंपणं उघडतंय, मेंढ्या बाहेर काढतंय, आणि पळून न जाता तिथेच उभं राहतंय. 'विचित्र आहे, काही बोलत नाही, नुसतं बघतं,' असं लिहिलं होतं. मी खातं उघडून पाहिलं. तुझं होतं.

नात्यातली तक्रार, मी साहेबांकडे द्यायला हवी होती. दिली नाही. पहिल्या वेळेला ताकीद असते, ती मीच पाठवली. तुला मिळाली असेल. 'आपल्या वागण्याने इतर खेळाडूंना त्रास होत आहे.' रोज पन्नास वेळा पाठवते मी हे वाक्य. आज ते आत्याच्या नावावर गेलं. बरं नाही म्हणून सांगून मी घरी आले.

घरी येऊन कपाट उघडलं. तुझी पाच पाकिटं आहेत माझ्याकडे, 'साधे' लिहिलेली. पाचही न उघडलेली.

खोटं बोलले आत्या. 'पोहोचली, सावकाशीने लिहिते' म्हटलं. पोहोचली होती, एवढंच खरं. तातडीचं आलं की मी उभ्या उभ्या फोडायचे, कारण ते तक्रारीसारखं होतं आणि तक्रारीचं काय करायचं ते मला कळतं. साधं आलं की वाटायचं, आज दोनशे लोकांचं वाचलंय, आता एक ओळही नको. रविवारी वाचू. रविवारी वाटायचं, आता एवढे दिवस झाले, काय तोंडाने उत्तर लिहू. मग पुढचं यायचं.

आज दुपारी सगळी ओळीने वाचली. तुझं माघारीचं पत्रही. तीस दिवस परवाच संपले. साहेबांना फोन केला, हातापाया पडले. खातं पुसलं गेलंय. घर, त्या फळ्या, सगळं. त्याचा पत्ता आमच्याकडे नाही, कोण होता, किती वर्षांचा होता, बाई होती की पुरुष, काही नाही. नुसते आकडे होते आणि आता तेही नाहीत. दोन दिवस, आत्या. कोपऱ्यात एक शब्द वेगळा असता तर. नाही, तुझ्या शब्दावर ढकलत नाही. माझ्या हातात पाकीट होतं.

तुझी वही पुन्हा वाचली. त्याच्या येण्याच्या प्रत्येक नोंदीखाली 'कडी उघडी'. साहेबांनी वाचलं, मी वाचलं, आम्हा दोघांना वाटलं, म्हातारी विसरते. घरातला नळ दोनदा तपासून झोपणारी माझी आत्या कडी विसरेल का! आणि सात तारीख. आदल्या दिवशी तुला ताप होता तेव्हा तो आला, तू नव्हतीस, तर मेंढ्या आत घालून, फाटक लावून गेला. तूही 'कोणी केलं कळलं नाही' लिहिलंस. तुला कळलं होतं.

अजून एक गोष्ट कळली ती लिहायला मला जड जातंय. तू मेंढ्यांचं आणि कुंड्यांचं लिहिलंस तेव्हा मी गप्प बसले. तक्रार केलीस तेव्हा दोन दिवसांत धावले. मग तू तक्रारच करणार. त्याने फळ्या काढल्या नसत्या तर तू तरी त्याच्याकडे बघितलं असतंस का? तुम्हा दोघांनाही हे धडे आम्हीच दिले.

आणि 'बरीच मंडळी ओळखीची झाली आहेत' हेही खोटं. खिडकी भिंतीच्या बाजूला आहे, तू विचारलं होतंस म्हणून सांगते. गेल्या रविवारी पूर्ण दिवसात मी एकच वाक्य बोलले, "पिशवी नको." दुकानदाराशी.

रागाव. पण लिही.

पिटुकली


२३ ऑक्टोबर
साधे

पिटुकले,

रागावले. तीन दिवस पत्र टेबलावर तसंच ठेवलं. म्हटलं, बघू दे हिलाही वाट बघून. चौथ्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

ताकीद मिळाली. तिच्याखाली हिरवं बटण होतं, 'समजले' असं लिहिलेलं. मी दाबलं. इतक्या वर्षांची नोकरी, कधी मेमो नाही, आणि निवृत्तीनंतर भाचीच्या हातून मिळाला! शेजाऱ्यांची कुंपणं उघडली हे खरं. वाटलं, कोणीतरी येऊन माझ्यावर ओरडेल. कोणी आलं नाही, सरळ तक्रार केली. म्हणजे मी केलं तेच.

त्या सतरा दिवसांच्या नोंदीची गोष्ट मी तुला अर्धीच लिहिली होती. तो माणूस रोज दुपारी फोन करून वेळ विचारायचा. मी सांगायचे. मग तो ठेवायचा नाही. बोलायचाही नाही. श्वास ऐकू यायचा. मागे लाइनी खोळंबलेल्या, मी चोवीस वर्षांची, मला वाटायचं हा माझी चेष्टा करतोय. लाइन कापल्यावर आमचा लाइनमन त्याच्याकडे यंत्र काढून आणायला गेला होता. परत आल्यावर मला म्हणाला, "बाई, म्हातारा एकटाच आहे. मलाही वेळ विचारली त्याने. आणि घड्याळ समोर भिंतीवर होतं, चालू."

मी साहेबांकडे गेले नाही. माझं कौतुक होऊन आठवडाच झाला होता ना. पुढे तो मेला की जगला, मी कधी विचारलं नाही. चाळीस वर्षांनी तशीच वही घेऊन बसले आणि तेच केलं, आणि या वेळी तुझ्या हातून करवलं. माघार घ्यायची तर 'तातडीचे' लिहायला हवं होतं. तो म्हणजे मरण नव्हतं, आग नव्हती, पण माझ्यासाठी तातडीचाच होता. हे कबूल करायची लाज वाटली, म्हणून साधं लिहिलं. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस. अर्धं माझं आहे.

पण पाच पाकिटं न उघडलेली, ते मात्र तुझं. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

त्याच्या घराच्या जागी आता गवत आहे. कालच बघून आले. बाजूच्या घरवाल्याने तिथे खांब रोवलेत, जागा आपल्यात घेणार बहुतेक. मी चारला कडी काढून ठेवते अजून. तो येणार नाही हे मला कळतं, मी वेडी नाही. पण कडी लावून बसवत नाही.

खिडकी भिंतीच्या बाजूला आहे तर एखादं रोप आणू नकोस, मरेल. आरसा लाव समोर, थोडा उजेड येईल.

आत्या


६ नोव्हेंबर
साधे

प्रिय पिटुकले,

जिन्यातला दिवा लागला. घरमालकाने नाही, इस्त्रीवाल्याने लावला. मी म्हटलं कितीचा, तर म्हणाला, "तुम्ही अंधारात पाय चाचपत चढता, ते मला इथून दिसतं." मला वाटायचं माझं कोणाला काही दिसत नाही.

तुझं पत्र आलं नाही, पण काल दुपारी एक प्रकार घडला तो तुला कळवायला हवा. तू तक्रार विभागात असल्यामुळे तुझ्या कानावर घालते.

चार वाजून गेले होते. मी विहिरीपाशी, तो उभा राहायचा तिथे, उभी होते. गावात नवीनच आलेलं कोणीतरी रस्त्याने आलं आणि माझ्या कुंपणाशी थांबलं. मी पंधरा-वीस पावलांवर होते. फाटकाला कडी नव्हती, नुसतं ढकललं असतं तर उघडलं असतं. ते न करता ती व्यक्ती कुंपणावर चढायला लागली. या खेळात कुंपणावर चढता येतं हेच मला माहीत नव्हतं. येतं, पण जमत नाही. वर जायचं आणि घसरून खाली पडायचं. मी बघत राहिले. हसून हसून माझा चष्मा खाली पडला. चौथ्यांदा एकदाची आत आली.

मग तिने दोन फळ्या काढल्या. उपटसुंभ तीन काढायचा, डावीकडच्या. हिने दोन काढल्या, त्याही उजवीकडच्या, आणि त्यातली एक परत नीट लावून ठेवली. नवशिकी आहे. मेंढ्यांना बाहेर जायचा रस्ताच कळला नाही, त्या तशाच चरत राहिल्या. मग ती येऊन विहिरीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मी उभी, ती उभी. तो आठवला आणि माझे डोळे भरून आले, ते तिला दिसण्याची सोय या खेळात नाही हे एक बरं आहे. पाचला दोन मिनिटं कमी असताना ती गेली. जातानाही फाटकातून नाही.

तू दिवसभर दोनशे भांडणं वाचतेस, त्यातून उठून चार वाजता कोणाला पुन्हा त्याच खेळात यावंसं वाटेल! तेव्हा कोण होतं ते मी विचारत नाही. त्याची जागा काही भरत नाही, तेही तुला माहीत असेलच. वहीत नोंद मात्र केली आहे, रिवाजाप्रमाणे.

५ नोव्हेंबर, ४.१२. एक अनोळखी व्यक्ती कुंपणावरून आत. चार वेळा पडली. फ्रॉक अडकला असण्याची शक्यता. ४.५८ पर्यंत थांबली. कडी उघडी. तक्रार नाही.

तुझी,
आत्या